फक्त सोमवारी थरथरणारी गाडी

गेले काही महिने माझी गाडी फक्त सोमवारी सकाळी थरथरायची. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग विषय बदलला. पण खरंच तसंच होतं. इलेक्ट्रिक गाडी आहे, तीन वर्षं झाली, बाकी काही त्रास नाही. सोमवारी सकाळी ७०-८० च्या स्पीडला असताना पुढे सिग्नल दिसला, ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात डावं-उजवं बारीक बारीक नाचायला लागायचं, पायाखाली पेडलपण धडधडायचं, आणि स्पीड कमी होत गेला की तेच हादरे संथ होत होत गाडी थांबायची. दुपारी परत येताना काही नाही. मंगळवार ते शनिवार तर गाडी इतकी गुळगुळीत थांबायची की मलाच वाटायचं सोमवारी आपली झोप झालेली नसते बहुतेक.

याच्या आधीचा इतिहास सांगायला हवा. साधारण वर्षभरापूर्वी असंच थरथरणं सुरू झालं होतं (तेव्हा वार वगैरे लक्षात आले नव्हते) आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, मॅडम डिस्क बेंड झाल्यात, बदलायला लागतील. बदलल्या. पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या), नवीन पॅड (त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून थांबवणारे), सगळं. गाडी मस्त झाली, पाच-सहा हजार किलोमीटर काही नाही, आणि मग हळूहळू परत तेच. यावेळी नेली तेव्हा बुधवार होता, बॅटरी अर्ध्याच्या आसपास, त्यांचा माणूस चक्कर मारून आला आणि म्हणाला काहीच प्रॉब्लेम नाही. मी म्हटलं सोमवारी होतं. तो "बरं" म्हणाला. ते "बरं" मी अजून विसरलेले नाही.

कोडं सुटलं ते डॅशबोर्डवरच्या एका पट्टीमुळे. ती हिरवी पट्टी असते ना, ॲक्सिलरेटर सोडला की एका बाजूला भरत जाते, म्हणजे गाडी वीज परत बॅटरीत टाकतेय. तर एका सोमवारी थरथर सुरू असतानाच माझं लक्ष गेलं, ती पट्टी जागची हललीच नव्हती. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. माझ्या गाडीची बॅटरी एलएफपी आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय की आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करा, कारण या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, नुसतं व्होल्टेज बघून गाडीला नेमके किती टक्के उरलेत ते नीट कळत नाही, टोकाला नेलं की तिचा हिशोब परत जुळतो. मी हे रविवारी रात्री करते. म्हणजे सोमवारी सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली. भरलेल्या हंड्यात अजून पाणी कुठे ओतणार? म्हणून त्या वेळी रीजेन, म्हणजे मोटरने गाडी सावकाश करत वीज बॅटरीत परत टाकणं, जवळजवळ बंद असतं.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या गाड्यांमध्ये ब्रेक पेडल दाबलं म्हणजे लगेच पॅड डिस्कवर दाबले जातातच असं नाही. बऱ्याच गाड्यांत तुमचा पाय ही नुसती मागणी असते, एवढ्या जोरात थांबायचंय म्हणून, आणि ती मागणी मोटरने किती भागवायची आणि पॅडने किती हे कॉम्प्युटर ठरवतो. रोजच्या हळुवार ब्रेकिंगचं बहुतेक काम मोटरच उरकते. म्हणजे माझ्या डिस्कना आठवड्यातला खरा कामाचा दिवस एकच, सोमवार. बाकी सहा दिवस त्या नुसत्या गरगर फिरतात आणि गंजतात. थरथर रोजच होती, मला ती दिसायची फक्त ज्या दिवशी डिस्क कामावर यायच्या त्या दिवशी.

पण अंदाज तो अंदाज, खात्री करायला हवी होती. गुरुवारी बॅटरी ६० टक्के असताना मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही बघून, ८० च्या स्पीडला गाडी न्यूट्रलला टाकली आणि ब्रेक दाबला. न्यूट्रलमध्ये माझ्या गाडीत रीजेन होत नाही, सगळं काम पॅडवर येतं. आणि काय, थरथर हजर! गुरुवारी! इतका आनंद गाडी बिघडल्याचा कोणाला झाला नसेल. मग उलट प्रयोग, रीजेन सगळ्यात जास्तवर ठेवून पेडलला पाय न लावता नुसता ॲक्सिलरेटर सोडून गाडी सावकाश होऊ दिली. एकदम शांत. (हे न्यूट्रलचं ट्रॅफिकमध्ये करू नका, आणि आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा, काही गाड्या चालत्या असताना न्यूट्रल घ्यायला कुरकुर करतात.)

या दोन चकरांनी निम्मे संशयित बाद झाले. मोटर, तिची माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट (मोटरचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) यातलं काही असतं तर रीजेनच्या वेळीही हादरे आले असते, कारण तेव्हा सगळा जोर तिथूनच जातो. ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट गेला असेल तर सहसा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर येते. व्हील बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर ब्रेकचा संबंधच नाही, ठरावीक स्पीडला नुसती चालतानाही गाडी थरथरते. एबीएसची (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) कुरकुर वेगळी असते, घसरड्या रस्त्यावर किंवा अगदी जोरात दाबल्यावरच येते. आणि स्टेअरिंग हललं तर बहुतेक पुढची चाकं, सीटमध्ये जाणवलं तर मागची, हा ढोबळ नियम. लोअर आर्मचे बुश (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे) सैल झाले असतील तर थरथर जास्त जाणवते हे खरंय, इलेक्ट्रिक गाड्या जड असतात त्यामुळे बुशवर भारही जास्त, पण सैल बुश थरथर जन्माला घालत नाही, असलेली वाढवून हातापर्यंत पोचवतो. बुश बदलले, थरथर कमी झाली, सगळे खूश, आणि मूळ दुखणं तसंच डिस्कवर. असं खूप जणांचं होत असणार.

आता बाबा. माझे बाबा टूलरूममध्ये फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, इलेक्ट्रिक गाडीतलं त्यांना काही कळत नाही आणि कळून घ्यायचीही इच्छा नाही. पण मी "डिस्क बेंड झाल्यात म्हणे" म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला.

"बेंड म्हणजे? कोणी बसलं होतं का तिच्यावर?"

"तापून वाकतात म्हणतात बाबा."

"अगं तुझी तर तापतच नाही ना? तूच सांगतेस ब्रेक वापरला जात नाही म्हणून. आणि बीडाचं आहे ते, असं उगाच वाकत नाही. चल, चक्कर मारू."

चक्कर मारली. ते शेजारी बसले, मी न्यूट्रल करून ब्रेक हलका धरून ठेवला, आणि स्पीड २० च्या आसपास आल्यावर त्यांनी प्रत्येक धक्क्याला डॅशबोर्डवर बोट आपटायला सुरुवात केली. टक, टक, टक. सेकंदाला साधारण तीन. माझ्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास आहे, २० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाकाचे पावणेतीन फेरे. एका फेऱ्याला एक धक्का! ८० ला हेच सेकंदाला अकरा होतात, ते मोजता येत नाहीत, त्याचीच थरथर होते. "एकाच ठिकाणी काहीतरी आहे," बाबा म्हणाले, आणि घरी आल्यावर माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली काढायला लावली. आत मखमलीत डायल गेज, मिलीमीटरचा शंभरावा भाग काट्यावर दाखवणारं माप. मी लहानपणी त्याला हात लावला म्हणून धपाटा खाल्ला होता, तोच.

रविवारी पुढची दोन्ही चाकं उचलली. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते, इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली सगळीकडे बॅटरी पसरलेली असते, जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या ठिकाणीच लावायचा, एक वीत इकडेतिकडे झालं तर बॅटरीच्या पेटीवर वजन येतं. खाली स्टँड, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक. नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलच्या वाटेला जायचंच नाही, या कामात जावंही लागत नाही. आणि एक मजा, गाडी पार्किंगला लॉक असूनही दोन्ही चाकं हवेत असली की एक चाक हाताने फिरवता येतं, दुसरं उलट्या दिशेने फिरतं, डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे मधले गिअर). बाबांना हे माहीत होतं, मला नव्हतं.

उजवं चाक काढलं, डिस्क ठीकठाक. डावं काढलं तर डिस्कच्या चकचकीत पट्ट्यावर पॅडच्या आकाराचा फिकट तपकिरी ठसा, अगदी कोपऱ्यांसकट, शिक्का मारल्यासारखा. गाडी धुवून चार-पाच दिवस उभी होती त्याची ही खूण. ओली डिस्क, तिला चिकटून बसलेला पॅड, मध्ये पाणी. पेट्रोल गाडीत दुसऱ्या दिवशी चार ब्रेकमध्ये हे घासून जातं, माझ्याकडे ते घासणारंच कोणी नव्हतं.

पण एवढ्याने बाबा समाधानी नव्हते. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा, काढला. आतला पॅड साडेसात मिलीमीटर, बाहेरचा साडेनऊ. हे वाचून तुम्हाला काही वाटलं नसेल, पण बाबांनी लगेच "पिन" म्हटलं. हा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, पिस्टन (ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) आतला पॅड दाबतो आणि त्याच्या धक्क्याने अख्खा कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन अडकली की आतलाच पॅड राबतो, शिवाय ब्रेक सोडला तरी पुरता सुटत नाही. खालची पिन पकडीने पिळून काढावी लागली. पिनेवरचा रबरी बूट एका बाजूने चिरलेला, आत पाणी गेलेलं, ग्रीसचं सुकून डांबर झालेलं.

मग गेज. चाकाचे नट वॉशर घालून परत आवळले म्हणजे डिस्क हबला (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) घट्ट बसली. गेजचा चुंबक हबमागच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागाला लावला, टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत, आणि बाबांनी एका बोटाने डिस्क फिरवायला सुरुवात केली. काटा हळूहळू चढत गेला, अकरा घरं, आणि परत खाली. एक घर म्हणजे ०.०१ मिलीमीटर. ०.११. माझ्या गाडीच्या सर्व्हिस माहितीत मर्यादा ०.०५ आहे. जिथे सगळ्यात जास्त होतं तिथे बाबांनी खडूने डिस्कवर एक रेघ मारली आणि तिच्या लगतच्या स्टडवर (हबमधला बोल्ट, ज्यावर चाकाचा नट बसतो) एक ठिपका.

"बघ, वाकलीच आहे की," मी म्हटलं.

"थांब जरा." त्यांनी नट काढले, डिस्क बाहेर काढून एक भोक पुढे फिरवून परत बसवली. आता खडूची रेघ एका स्टडने पुढे सरकली होती, ठिपका अर्थातच जागेवर. परत काटा. डिस्कमध्ये दोष असता तर उंचवटा रेघेबरोबर पुढे गेला असता. तो ठिपक्यापाशीच राहिला. म्हणजे डिस्क निर्दोष, ती ज्यावर बसलीय ते हब वाकडं आहे किंवा मध्ये काहीतरी आहे. डिस्क काढून हबच्या तोंडावर नख फिरवलं तर एका स्टडच्या बुडाशी गंजाचा कडक पापुद्रा, नुसत्या डोळ्याला डाग वाटावा एवढा. वर्षभरापूर्वी नवीन डिस्क त्या जुन्या गंजावर तशीच बसवली होती! नवीन गादी घेतली पण पलंगाचा एक पाय विटेवर. आणि हबवरचे ०.०५ मिलीमीटर डिस्कच्या कडेपर्यंत पोचेपर्यंत दुप्पट होतात, कारण कड केंद्रापासून दुप्पट लांब आहे. साधी भूमिती आहे, पण पुढ्यात बघेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

माझा मोठा प्रश्न वेगळाच होता. गंज पहिल्या दिवसापासून होता तर मग पाच-सहा हजार किलोमीटर गाडी छान कशी चालली? आणि हे मला या सगळ्यातलं सगळ्यात आवडलेलं उत्तर आहे. डिस्क थोडी डुलत असली तरी ते पायाला जाणवत नाही, कारण कॅलिपर पिनांवर सरकत तिच्याबरोबर डुलतो. जाणवतो तो जाडीतला फरक, जाड भाग पॅडमधून गेला की पिस्टन मागे ढकलला जातो आणि तो धक्का तेलातून पेडलला आणि चाकातून स्टेअरिंगला. डुलणारी डिस्क ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासून जाते, ती जागा हजारो किलोमीटरमध्ये कणाकणाने झिजते. माझ्याकडे तर पिन अडकल्यामुळे पॅड मागे हटतच नव्हता, त्यामुळे घासणं जास्तच. डुलणं हा रोग आणि जाडीतला फरक हे लक्षण, आणि लक्षण दिसायला महिने लागतात, म्हणून डिस्क बदलणाऱ्याला वाटतं आपण काम चोख केलं.

मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घेतली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ यात २५ मायक्रॉनचा फरक. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी! एवढ्यासाठी मी दर सोमवारी घाबरत होते.

दुरुस्ती सांगायला फार नाही. हबचं तोंड तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने साफ केलं, स्टडच्या बुडाशी जास्त वेळ, डिस्कच्या आतली बसायची बाजूपण. नुसत्या हबवर गेज लावला तर ०.०२, म्हणजे हब सरळ. डिस्कवर किमान जाडी २४ कोरलेली आहे आणि माझी २५.८ होती, म्हणून टाकून न देता लेथवर दोन्ही बाजूंनी अगदी हलकं फेसिंग मारून (वरचा पातळ थर कापून सपाट करून) आणलं. परत बसवून काटा बघितला, ०.०३. फेसिंगनंतर परत मोजायला हवंच, लेथवर तिरकी पकडली गेली असेल तर आगीतून फुफाट्यात. दोन्ही बाजूंना नवीन पॅड, नवीन पिना आणि बूट, त्यात ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस घालू नका, रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पिस्टन मागे ढकलताना वर टाकीतलं ब्रेक ऑइल ओसंडत नाही ना बघायचं. आणि काही गाड्यांत दरवाजा उघडला तरी इलेक्ट्रिक ब्रेक बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारं यंत्र) जागा होतो, तेव्हा काम चालू असताना कोणाला आत बसू देऊ नका, पेडल दाबलं गेलं तर पिस्टन बाहेर.

व्हील नट टॉर्क रेंचने (मोजून ठरावीक जोराने आवळायचा पाना), समोरासमोरचे आलटून पालटून, माझ्या गाडीला १२० न्यूटन मीटर. नट आवळायच्या गनने धाडधाड आवळलेले नटसुद्धा डिस्क तिरकी बसवू शकतात. शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा बघितले.

नंतर पॅड बसवणं, ज्याला बेडिंग म्हणतात. नवीन पॅडचा पातळ एकसारखा थर डिस्कवर चढायला हवा, आणि इलेक्ट्रिक गाडीत ते आपोआप कधीच होत नाही कारण मोटर मध्ये येते. त्याच मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून ६० वरून १५ पर्यंत दहा वेळा, मध्यम जोर, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं चालवून थंड करत. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहायचं नाही, तिथेच ठसा उमटतो. माझ्या १७०० किलोच्या गाडीत या दहा वेळांमध्ये साधारण ०.६ युनिट ऊर्जा नुसतं लोखंड तापवण्यात जाते, म्हणजे तीन-चार किलोमीटरची रेंज. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाच कळेल हे किती जिवावर येतं. नवीन पॅडचा जळका वास आला, तो येतोच.

आता मी आठवड्यातून दोन-तीनदा मुद्दाम न्यूट्रलमध्ये जरा दमदार ब्रेक लावते, आणि गाडी धुतली की उभी करायच्या आधी एक चक्कर मारून डिस्क कोरड्या करते. मॅन्युअलवाल्यांनी हे ठळक अक्षरात का नाही लिहिलं कोण जाणे. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे चक्क जुने ड्रम ब्रेक दिले तेव्हा लोक हसले होते, पण बंद डब्यात असलेला ब्रेक कमी गंजतो आणि वापर कमी असेल तर तेच बरं, आता मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

पहिल्या सोमवारी बाबा स्वतःहून शेजारी येऊन बसले. बॅटरी १००, हिरवी पट्टी गप्प, सिग्नलला ८० वरून ब्रेक. बाबांचं बोट डॅशबोर्डच्या वर तयार होतं, गाडी थांबेपर्यंत ते तसंच हवेत राहिलं. मग म्हणाले, मागच्या चाकांचं कधी बघायचं? मी म्हटलं बाबा, तिथे इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे, आधी त्याला सर्व्हिस मोडला टाकावं लागतं, नाहीतर पिस्टन मागे ढकलताना आतली यंत्रणा तुटू शकते. "मग टाक की," म्हणाले. गेजची पेटी अजून माळ्यावर गेलेली नाही, बाहेर टेबलावरच आहे.